सोयऱ्यांसाठी धरलेली जागा

माणूस पारखायचा तर पालावर पारखावा, असं आमचे वडील म्हणायचे. घरात माणूस दार लावून घेतो, पाहुणे आले की आवाज बदलतो. पालाला दारच नसतं. नवरा-बायकोचं भांडण, म्हाताऱ्याचा खोकला, सुनेचा हुंदका, सगळं शेजाऱ्याच्या ताटात जाऊन पडतं. वडिलांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं, पालं ठोकत आणि पालं उठवत. पुढे जाफराबादजवळ थोडी जमीन झाली, मेंढरं विकली गेली आणि मी तर खतं-बियाणांचं दुकान टाकून सरळ गादीवरच बसलो. माझ्या दुकानात खतापेक्षा गप्पांची विक्री जास्त होते, असं माझी बायको म्हणते. हिशोब तीच बघते, त्यामुळे खरं असणार.

तर एके दिवशी, आमच्या मुलीला पाहून गेलेल्या मुलाचा फोन आला. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे एका भल्यामोठ्या पडीक माळावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव होता. तंबू आपापले आणायचे, माळावरच राहायचं, दिवसरात्र गाणं ऐकायचं. मुलगा म्हणाला, "काका, आपण दोन्ही घरं शेजारी शेजारी तंबू टाकू. सगळ्यांची नीट ओळख होईल."

मी आनंदानं मांडीवर थाप मारली. एक गिऱ्हाईक दचकलं.

या आनंदाचं कारण सांगायला हवं. आमची मुलगी जालन्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. आधीची दोन स्थळं तिनं अशी परतवली होती, की मध्यस्थांनी आमच्या गल्लीत पाऊल टाकणं बंद केलं होतं. हा मुलगा पाहून गेल्यावर मात्र ती म्हणाली, "चालेल." तिच्या तोंडून 'चालेल' म्हणजे दुसऱ्यांच्या घरचा बँडबाजा. पुढे ते दोघं फोनवर बोलायला लागले. ती गच्चीवर जाऊन बोलायची आणि खाली येताना जिन्यात गुणगुणायची. हे गुणगुणणं आम्ही कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. बायकोनं तर टीव्हीचा आवाज कमी करून ते ऐकलं.

मुलगा पुण्यात कंपनीत. आई-वडील जालन्यात मस्तगडला, खाली दुकान, वर घर. मूळ मात्र आमच्यासारखंच मेंढरांमागचं. पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे संपल्यावर मी आणि मुलाचे वडील असे काही रंगलो, की मुलगी बघायला आलेत हेच सगळे विसरले. त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच वाटेनं अजिंठ्याच्या डोंगराकडे कळप न्यायचे, हे निघालं. मंग हाकेचा विषय निघाला. प्रत्येक घराची आपली एक हाक असायची. तिच्यात शब्द नसतो, नुसता सूर. दोन टेकड्यांपलीकडचा माणूस तेवढ्यावर ओळखायचा, कोण हाक मारून राह्यलं ते. आणि आलेल्या हाकेला ओ द्यायचीच. भांडण असलं तरी आधी ओ द्यायची, मंग येऊन भांडायचं. ओ दिली न्हाई, तर माणूस मेला तरी आहे किंवा वैरी तरी झालाय, असं समजायचं.

मी सोफ्यावर बसूनच हलक्या आवाजात आमची हाक मारून दाखवली. मुलाच्या वडिलांनी डोळे मिटून ओ दिली. मुलानंही प्रयत्न केला, त्याचा आवाज मध्येच फाटला आणि आमची मुलगी ओढणी तोंडाला लावून हसली. लग्न तिथंच ठरलं, असं मी त्या दिवशी दुकानात जाहीर करून टाकलं.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. गाडी मुलगी चालवत होती. मागच्या सीटवर भाड्यानं आणलेला तंबू, वडिलांची घोंगडी, आणि बायकोनं बांधून घेतलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. कुकरही होता. मी म्हणालो, "अगं, आपण गाणं ऐकायला चाललोत, पंगत वाढायला न्हाई."

"सोयरे येऊन राह्यलेत," ती म्हणाली. "त्यांना काय गाणं वाढू?"

वाहनतळ माळाच्या एका टोकाला आणि राहायची जागा दुसऱ्या टोकाला. मध्ये दोरखंड, बांबू आणि बाणांचे फलक. फाटकावर एका पोरीनं आमच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. पिवळा म्हणजे कुटुंब. निळ्या पट्ट्याचा अर्थ मला तेव्हा कुणी सांगितला न्हाई. फाटकाशेजारी नकाशाचा मोठा फलक होता. तो इतका रंगीत होता, की त्यात रस्ता शोधणं म्हणजे रांगोळीत दाणा शोधणं. मुलीच्या मोबाइलवरचा नकाशा तर आम्ही पाझर तलावाच्या मधोमध उभे आहोत असं सांगत होता. बायको खाली बघून म्हणाली, "चप्पल कोरडी हाय."

एका बाणानं आम्हाला जेवणाच्या गाड्यांकडे नेलं, दुसऱ्यानं परत फाटकाकडे. तिसऱ्या वाटेवर शिट्टीवाला स्वयंसेवक आडवा आला. "सर, येलो बँड इधर से नहीं." मी त्याला म्हणालो, "बाळा, माझा आजा या माळावर मेंढरं चारायचा." तो म्हणाला, "सर, फिर भी उधर से." विजेवर चालणारी छोटी गाडी शेजारून सुळकन गेली. तिच्यात निळ्या पट्ट्यांची माणसं बसली होती. आमच्याकडे कुकर होता.

शेवटी राहायच्या भागात पोचलो आणि माझा खरा प्रवेश झाला. जागा निवडणं हे माझं काम होतं. लोक बिचारे स्टेजच्या जवळ, सावलीत, वाटेच्या कडेला तंबू टाकत होते. मी बायकोला एकेक दोष समजावून सांगत चाललो. झाडाखाली न्हाई, वरून पाखरं न्हाऊ घालतील. वाटेकडंला न्हाई, जाणारा येणारा दोरीत अडखळंल. खोलगट जागेत न्हाई, तिथं गारठा साचतो. मुंग्यांचं वारूळ बघायचं, ढेकळं किती ती बघायची, वारा कुठून येतो ते ओलं बोट करून बघायचं. उंचवट्यावर एक जागा मला पसंत पडली. शेवटची परीक्षा म्हणून मी तिथं उताणा झोपलो आणि डोळे मिटले.

"उठा जल्दी," बायको म्हणाली. "लोकं बघून राह्यलेत. गेलं समजून कुणी हार घालंल."

"पाठीला खडा लागत न्हाई. हीच जागा."

"पप्पा, इथून टॉयलेट किती लांब आहे बघितलं का?" मुलीनं विचारलं.

मी बघितलं नव्हतं. वडिलांच्या नियमांत टॉयलेट नव्हतं.

तंबू मुलीनंच उभा केला. मी शेजारची जागा धरली. घोंगडी अंथरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. आमच्यात याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. अशा घोंगडीवर परका बसत न्हाई, जनावरसुद्धा हाकलून बाजूला काढतात. पण त्या माळावर हा अर्थ माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. दर थोड्या वेळानं कुणीतरी यायचं. "अंकल, ये जगह खाली है?" एकाला मी सांगितलं, खाली नागाचं बीळ आहे. दुसऱ्याला सांगितलं, इथं पोलीस साहेबांचं कुटुंब येणार आहे. एक बाई घोंगडीवर बसून फोटोच काढायला लागली, तिला बायकोनं लोणचं दिलं आणि गोडीत उठवलं. मी मोठ्या मजेत होतो. सोयऱ्यांसाठी मी एक मुलूखच राखून राह्यलो होतो.

सोयरे आले न्हाईत. दुपार कलली. मुलीनं सकाळी पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक होती. माणसं इतकी झाली होती, की फोनचं नेटवर्क बसलं होतं. ती दर थोड्या वेळानं फोन उंच धरायची, मंग खाली घ्यायची. धपाटे वातड झाले. बायकोनं ते फडक्यात परत बांधले. "रस्त्यात अडकले असतील," ती म्हणाली.

"बिलकुल," मी म्हणालो. "न्हाईतर ही माणसं वेळेची लई पक्की."

मुलीनं गच्चीवरच्या बोलण्यासाठी असतो तसा चेहरा तयार ठेवला होता, तो हळूहळू उतरत चालला होता.

ऊन तिरपं झालं तेव्हा मी उठलो. फोन बंद, नकाशा खोटा, फलक वेडे. वडिलांनी काय केलं असतं? मी उंचवट्याच्या कडेला गेलो, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि आमच्या घरची हाक दिली. बऱ्याच वर्षांनी पुऱ्या छातीनं दिली. खाली स्टेजवर वाद्यं जुळवत होते, तेसुद्धा क्षणभर थांबले.

आणि मंग सगळा माळ हसला. शेजारच्या तंबूतल्या पोरांनी माझी नक्कल केली. लांबून कुणीतरी कोल्ह्यासारखं ओरडलं, त्याला दुसऱ्यानं कुत्र्यासारखं उत्तर दिलं. चार-पाच मोबाइल माझ्याकडे वळले. "अंकल, वन्स मोअर!" मला एरवी वन्स मोअर आवडतो. मी वाकून मुजरा केला. पण माझं लक्ष ओ येते का याकडे होतं.

"ते बघा," मुलगी म्हणाली.

उंचवट्याच्या खाली, दोरखंडाच्या पलीकडे, निळ्या पट्ट्यांच्या भागात एक कॉफीची गाडी होती. तिच्यापाशी मुलगा उभा होता. अंगात पांढरं स्वेटर. शेजारी त्याचे आई-वडील, त्याचे मित्रमैत्रिणी आणि एक मोठे साहेब. ते साहेब आहेत हे सगळे त्यांच्याकडे तोंड करून उभे होते त्यावरून कळत होतं. मागे तीन-चार मोठे तंबू लागलेले. दोरीवर टॉवेल वाळत घातलेले. म्हणजे ही मंडळी आज आलेली नव्हतीच, कालपासून मुक्काम ठोकून होती.

"ऐकू गेलं नसंल," बायको म्हणाली. "इतका गलका हाय."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मंग फोन आईच्या हातात दिला, ओढणी खोचली, तळवे तोंडाशी नेले आणि हाक दिली.

ही हाक मी तिला कधी शिकवली नव्हती. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून शिवारात हिंडायची, तेव्हा शिकली असेल. माझ्या आवाजात दुकान होतं, तिच्या आवाजात न्हाई. ती हाक उतारावरून सरळ गेली आणि कॉफीच्या गाडीपाशी पोचली, हे मी डोळ्यांनी बघितलं. मुलाच्या वडिलांची मान आपोआप वळली. तोंडही उघडलं. त्यांच्या बायकोनं त्यांच्या कोपराला हात लावला. तोंड मिटलं.

मुलानं वर बघितलं. नीट बघितलं. आमच्यात इतकं अंतर होतं, की त्याचा चेहरा दिसावा पण डोळे दिसू नयेत. एका मित्रानं त्याला काही विचारलं. त्यानं खांदे उडवले. मित्रानं तोंडाशी हात नेऊन बोकडासारखं बेंऽऽ केलं. सगळे हसले, साहेबही हसले, आणि सगळे हसले म्हणून तोही हसला. मंग ती मंडळी स्टेजकडे चालू लागली.

मुलगी तंबूत गेली. चेन लावून घेतली. पालाला दार नसतं म्हणतात, पण या भाड्याच्या तंबूला होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक आमच्याकडे आले. हातात बिस्किटांचा पुडा. घोंगडी अजून तिथंच होती, तिच्यावर दव पडलं होतं. मुलाच्या वडिलांनी चपला काढल्या, घोंगडीकडे बघितलं आणि बाजूला मातीत बसले. बायकोनं चहा दिला. कुणाचंही काहीही झालं तरी ती चहा देतेच.

मुलगा म्हणाला, "काका, काल एवढी गडबड होती ना. सर सोबत होते. त्यांनीच आमचं निळ्यातलं बुकिंग केलं होतं. मला कळवता आलं न्हाई."

"एवढंच ना," मी म्हणालो. "आता कळालं."

"आणखी एक सांगायचं होतं." तो कपाकडे बघत राह्यला. "रात्री नेटवर्क आलं आणि ते व्हिडिओ सगळीकडे फिरतायत. सर विचारत होते, हे लोक कोण. मी म्हणालो, ओळखीचे आहेत, महोत्सवात लोककलेचा काहीतरी कार्यक्रम आहे त्यांचा. तर आज दुपारी तुम्ही जेवायला आमच्याकडे या. मी सगळ्यांशी ओळख करून देतो. फक्त कुणी विचारलं तर... तेवढं असंच सांगा. तो कार्यक्रम होता म्हणून."

मुलाचे वडील लगेच म्हणाले, "नाटक म्हणून समजा, पाव्हणे. तुम्हाला तर येतंच. पोराचं प्रमोशन आहे. त्याच्या हापिसात आपलं मूळ त्यानं जरा वेगळं सांगितलंय. एकदा लग्न झालं की कोण विचारतंय?"

"वेगळं म्हणजे काय सांगितलंय?" बायकोनं विचारलं.

"जमीनदार," ते म्हणाले आणि त्यांनाच ठसका लागला.

मला नाटक येतं. लोककलावंताचंच काय, जमीनदाराचंही फार छान येईल. मिशीवर हात कसा फिरवायचा, 'आमच्या वाडवडिलांच्या काळी' कसं म्हणायचं, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राह्यलं. मुलीच्या लग्नासाठी बापानं यापेक्षा वाईट सोंगं काढलेली आहेत. पण मी तोंड उघडायच्या आत तंबूची चेन उघडली. मुलगी केस बांधत बाहेर आली. रात्रभर झोपली नव्हती, हे आईला दिसलं आणि मलाही.

"काल ऐकू आलं होतं तुला?" तिनं मुलाला विचारलं.

"हो."

"मी होते हे कळालं होतं?"

"कळालं ना. पण सगळे होते गं तिथं. तू समजून घे ना."

"समजलं," ती म्हणाली. "आणि लग्नानंतर माझे पप्पा तुझ्याकडे आले, तर कोण म्हणून सांगशील?"

"बिझनेसमन. शेतीचा बिझनेस." तो पटकन म्हणाला, उत्तर पाठ असल्यासारखा.

"मंग मी कुणाची?"

मुलगा वाईट नव्हता, हेच जास्त कडू होतं. वाईट असता तर मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण मान मात्र दर थोड्या वेळानं मागे वळायची, पलीकडून कुणी बघत तर न्हाई ना म्हणून.

"मी न्हाई येत जेवायला," मुलगी म्हणाली. "आणि बाकीचंही आता राहू दे."

"अगं, असं एका शब्दात..." मुलाचे वडील उठले. "पाव्हणे, तुम्ही बोला की. मोठी माणसं बसून बोलू."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बोलायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "बराबर बोलली ती." ते चपला घालून गेले. बिस्किटांचा पुडा राह्यला.

मी म्हणालो, चला, आता गुंडाळू आणि घरी जाऊ. बायकोनं कुकर उचललाच होता. पण मुलगी म्हणाली, "मी गाणं ऐकायला आल्ते. ते ऐकूनच जाईन." उरलेले दिवस तिनं ऐकलं. सकाळी निघायची, स्टेजसमोर पिवळ्या पट्ट्यांच्या गर्दीत जाऊन बसायची, जेवायला तेवढी वर यायची. आम्ही म्हातारा-म्हातारी तंबूपाशी बसून राहायचो. गाणं आमच्यापर्यंत यायचं, पण वाऱ्यामुळे त्यातला ढोलच तेवढा पोचायचा. तिच्या आवडीची गायिका गात होती तेव्हा बायको लांबूनच मुलीकडे बघत बसली. ती टाळ्या वाजवून राह्यली की डोळे पुसून राह्यली, एवढ्या लांबून आम्हाला कळेना.

आणि गोष्ट शेवटी टॉयलेटकडे जाते. त्याला इलाज न्हाई. ते माळावर एकाच ठिकाणी होतं. तिथं पिवळं-निळं काही न्हाई, सगळे एका रांगेत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत गेलो, तर माझ्यापुढे मुलाचे वडील. हातात ब्रश, कानाला मफलर. पळून जायची सोय दोघांनाही नव्हती.

"थंडी हाय," ते म्हणाले.

"हाय."

रांग सरकली. पुढून कुणीतरी आतल्या माणसाला जल्दी कर म्हणून ओरडलं.

"पोरगी कशी हाय?"

"गाणं ऐकून राह्यली."

"आमचा तंबूतच पडून हाय. कालपासून जेवला न्हाई." त्यांनी ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "साहेब विचारून राह्यले, बरं न्हाई का म्हणून. आम्ही सांगितलं, पित्त झालंय."

मला बरं वाटलं. तो उपाशी आहे याचं बरं वाटलं, हे मी लपवत न्हाई. पण ते बरं वाटणं फार टिकलं न्हाई. मला आमच्या जिन्यातलं गुणगुणणं आठवलं, आणि वाटलं, तेही आता बंद होणार.

त्यांचा नंबर आला. ते बाजूला सरकले.

"तुम्ही पुढं व्हा, पाव्हणे," ते म्हणाले.

मी झालो.